जुन्या यंत्राची पत्रिका

माणसाने दोन गोष्टी जुन्या घेऊ नयेत, असं आमचे वडील सांगत. एक चप्पल आणि दुसरं यंत्र. दोन्ही आधीच्या मालकाच्या चालीने झिजलेली असतात. हे ते सांगत, ते स्वतः सेकंडहँड घेतलेल्या लेथला टेकून. त्यामुळे उपदेशाला अनुभवाची धार असे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी मागे ठेवलेलं वर्कशॉप मी चालवतो. म्हणजे चालवतात बापू मिस्त्री. मी बिलं करतो. ३४ वर्षं बापू त्याच लेथवर उभे आहेत. मी चड्डीत होतो तेव्हा त्यांनी मला कडेवर घेतलेलं आहे. हल्ली ते मला 'मालक' म्हणतात, पण त्या शब्दात आदर किती आणि गंमत किती, हे मायक्रोमीटरनेही कळायचं नाही.

तर एके दिवशी ज्यांना आम्ही पिना करून देतो त्या साहेबांनी सांगितलं, "सगळे नग १० मायक्रॉनच्या आत पाहिजेत. सीएनसी घ्या, नाहीतर ऑर्डर विसरा." माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाचा सातवा हिस्सा! माझ्या डोक्यावर आख्खे केसच मोजण्याइतके उरलेत, तिथे त्यांचे हिस्से कुठे करत बसू?

नव्या यंत्राची किंमत ऐकली आणि जुन्याचा विचार सुरू झाला. सौ.ने ओट्यासाठी ठेवलेली ठेव मोडायला दिली. "यंत्र बंद पडलं तर त्याच्यावरच पोळ्या लाटीन," एवढंच म्हणाली.

यंत्र भोसरीला होतं. पारख मला कुठली? मी बापूंना म्हटलं, "तुम्ही चला." म्हटलं आणि जीभ चावली. ज्या यंत्रामुळे त्यांचं काम जायचं, तेच पसंत करायला मी त्यांना नेत होतो! बापू काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून, डायल गेज फडक्यात गुंडाळून पहाटेच्या एसटीला हजर.

मुलीला पावडर लावून बसवावं तसं यंत्र ताजा रंग लावून उभं होतं. दलाल म्हणाला, "साहेब, डॉक्टरने वापरलेली गाडी समजा!" बापूंनी स्पिंडलच्या डोक्यावर तळहात ठेवला. "गरम हाय. सकाळधरनं चालू ठेवलंय. बंद करा, थंड होऊ दे, मग बगू."

दोन तास आम्ही दलालाचा चहा प्यायलो. मग थंड यंत्र सुरू करवून बापूंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर आता खरा आला होता. मग डायल लावला. हातचाक एकेक टिचकी, म्हणजे १० मायक्रॉन, पुढे. काटा बरोबर हलला. उलट फिरवल्यावर दोन टिचक्या काटा ढिम्म. "इस्क्रू खाल्लाय. २० मायक्रॉन." त्या दोन टिचक्यांनी ५० हजार उतरले.

निघताना बापूंनी विजेच्या कपाटाचं दार उघडून आतले मळके कागद मागितले. नुसते आकडे. दलाल हसला. बापू म्हणाले, "पत्रिका घेतल्याबिगर सून न्हेत न्हाई."

यंत्र आलं. वाढीव वीजजोड मिळेपर्यंत दोन महिने नुसतं बसलं. चालू केलं त्या दिवशी पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना आली. सेल बदलताना आधी बटण बंद करावं, हे मी टॉर्चवर शिकलेलो. यंत्र बंद केलं, जुना सेल नमुना म्हणून खिशात टाकला आणि लक्ष्मीपुरीत गेलो. वाटेत मिसळही खाल्ली.

परत येतो तो यंत्र सगळं विसरलेलं! हा सेल यंत्र चालू ठेवूनच बदलायचा असतो. वीज बंद असताना त्याची आठवण त्या एवढ्याशा सेलवरच जगते. आपला वेग किती, आपण थांबायचं कुठे, आपलं घर कुठलं, सगळं पुसलं गेलं होतं. मी मटकन स्टुलावर बसलो. डोळ्यांपुढे सौ.चा ओटा तरळला.

बापूंनी ते मळके कागद काढले. इंग्रजी त्यांना येत नाही. पण ड्रॉइंगवरचे आकडे आयुष्यभर वाचलेले. रात्रभर ते आकडे सांगत होते, मी बटणं दाबत होतो. चुकलो की, "पाच न्हवं, सहा! लहानपणीबी तुमचा पाढा असाच हुता." कोंबडं आरवायच्या सुमाराला यंत्र सरपटत आपल्या घरी जाऊन थांबलं.

पहिल्या दहा पिना निघाल्या. बापूंनी मापल्या, नख फिरवून पाहिलं. "समद्या सारख्या," ते म्हणाले. "जरा कंटाळवाणंच हाय." मग टोपी काढून, माझ्याकडे न बघता विचारलं, "आता ह्याच्यावर कुणाला ठेवणार, मालक?"

हा प्रश्न ते भोसरीपासून उराशी धरून होते.

"पत्रिका तुमच्यापाशी आहे," मी म्हटलं. "सून तुम्हीच नांदवायची."

बापू काही बोलले नाहीत. त्यांनी कागदांची नीट घडी घातली, आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली मात्र अजून मला दिलेली नाही.