अपूचं नाव, अपूचा आवाज

'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका १९८९ साली सुरू झाली, ती अजून चालूच आहे. तिची निम्मी गंमत कडेकडेला असते. दुकानाच्या पाटीवर, मागच्या फळ्यावर... १९९८ च्या एका भागात होमर फळ्यावर लिहितो : ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करून पाहा, उत्तर जुळतं! म्हणजे फर्माचं प्रमेय खोटं? नाही हो. डावीकडच्या दोन्ही संख्यांना ३ ने भाग जातो, उजवीकडच्या संख्येला जात नाही. फरक इतका बारीक की कॅल्क्युलेटरच्या पट्टीत तो मावत नाही, एवढंच. मालिकेच्या लेखकांत गणित शिकलेले लोक होते, त्यांनी आपल्यासारख्यांना मारलेला तो डोळा.

ज्याला हे कळलं नाही त्याचं काही बिघडत नाही, आणि खाजगी विनोद असाच असावा असं मला वाटतं. १९९३ च्या एका भागात 'केप फिअर' या सिनेमाची आख्खी नक्कल आहे. पण सिनेमा न पाहिलेला माणूससुद्धा साइडशो बॉब पुन्हा पुन्हा दाताळ्यावर पाय देऊन तोंडावर दांडा मारून घेतो तेव्हा पोट धरून हसतो.

आता अपूकडे येऊ. अपू म्हणजे तिथला भारतीय दुकानदार. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून ठेवलेलं, 'पथेर पांचाली'तला (१९५५) तोच अपू! (आडनाव मात्र नहासापीमापेटिलॉन. भारताच्या कुठल्याच प्रांतात सापडायचं नाही.) हे कळल्यावर आपल्याला केवढा आनंद होतो. पण अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना राय कुठले माहीत असायला? त्यांना कळला तो अपूचा आवाज, हँक अझारिया या गोऱ्या नटाने काढलेला. तो हेल काढून तिथल्या भारतीय मुलांना चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलूने २०१७ साली त्यावर माहितीपटच केला.

हे आम्हा गोंयकारांना वेगळं सांगायला नको. हिंदी सिनेमातला गोवेकर आठवा : हातात बाटली, तोंडात 'मॅन'. 'बॉबी'तला (१९७३) प्रेमनाथचा जॅक ब्रागांझा मला आवडतो, खोटं कशाला बोलू! पण त्याच्यानंतर तसलेच किती आले. आणि गोव्यात घराघरांत मराठी वाचतात असं बाहेर सांगितलं की समोरचा माणूस अजून बुचकळ्यात पडतो.

माहितीपटाला मालिकेने २०१८ साली उत्तर दिलं. लिसा म्हणते, पूर्वी चाललेलं आता चालत नाही, काय करणार? आणि शेजारच्या अपूच्या फोटोकडे बघते. फोटोवर लिहिलेलं असतं, 'डोन्ट हॅव अ काऊ'. हे बार्टचं जुनं पालुपद, अर्थ 'उगाच तमाशा करू नकोस'. वर पुन्हा भारतीय आणि गाय! कोटी म्हणून बेमालूम आहे. पण तक्रार घेऊन दाराशी आलेल्या माणसाला आतूनच एकमेकांना टाळ्या देत उत्तर द्यावं, तसं ते झालं. मला ते हलकं वाटलं.

२०२० साली अझारियाने अपूचा आवाज देणं सोडलं. त्यानंतर अपू दिसलाच तर गर्दीत उभा दिसतो, बोलत नाही.

असो. रायांचा अपू पाहिला नसेल तर आधी तो पाहा.