रजिस्टरवरची सही

गेल्या पावसाळ्यात अम्मी मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही दोघं नवराबायको शिक्षक, पगार बेताचा. म्हणून सरकारी रुग्णालय गाठलं. हाडांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्टच्या दाराला पुठ्ठा टांगलेला होता : ‘लिफ्ट बंद आहे.’ पुठ्ठ्यावरची शाईसुद्धा फिकी पडली होती.

दोन वॉर्डबॉय आणि आम्ही दोघं, अशा चौघांनी स्ट्रेचर जिन्याने वर नेलं. प्रत्येक वळणावर ते तिरकं होई. अम्मी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त हाताला लागलेलं मनगट घट्ट धरून राहिल्या. वर पोहोचल्यावर धापा टाकणाऱ्या मुलाला म्हणाल्या, "बेटा, आधी पाणी पी." एक्स-रे तळमजल्यावर होता. म्हणजे पुन्हा खाली, पुन्हा वर.

बंद लिफ्टसमोर स्टुलावर लिफ्टमन रोज ड्यूटी करत बसलेले असत. आम्ही विचारलं, "काका, कधीपासून बंद आहे?"

"अडीच महिने झाले, सर. कंपनीचा माणूस दर महिन्याला येतो. बघतो, पुसतो, तेल घालतो, रजिस्टरवर सही घेतो, जातो."

लिफ्ट बंद, पण देखभाल चालू! हे कोडं आम्हाला काही सुटेना. अम्मींचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्या घरी आल्या, तेव्हा आम्ही दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवसांच्या आत कागद हाती आले.

कागद वाचून राग कोणावर काढावा तेच कळेना. देखभालीचे करार दोन तऱ्हेचे असतात. एकात सुटे भाग कंपनीने स्वतःच्या खर्चाने बदलायचे. दुसऱ्यात फक्त तपासणी आणि मजुरी. भागांचे पैसे वेगळे. दुसरा साहजिकच स्वस्त दिसतो. इथे तोच झाला होता, सर्वांत कमी दराच्या निविदेला. लिफ्टचं कंट्रोल कार्ड जळलं, तेव्हा कंपनीने किंमत कळवली. रुग्णालयाने ते पत्र बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे पाठवलं. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश. प्रत्येकाने आपलं पत्र वेळेत पाठवलं होतं. फक्त लिफ्ट हलली नव्हती.

करारात महिन्यातून एक फेरी लिहिली होती, ती कंपनीने केली. लिफ्ट किती दिवस चालू राहिली पाहिजे, तक्रार केल्यावर कारागीर किती तासांत आला पाहिजे, बंद दिवसांचे पैसे किती कापायचे, याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून बंद महिन्यांचीही बिलं निघाली. प्रत्येक बिलामागे रजिस्टरचं पान होतं : ‘काम समाधानकारक’, आणि खाली सही.

त्या सहीबद्दल आम्ही घरी तावातावाने बोलत होतो. अम्मी पलंगावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "सही म्हणजे गवाही असते. तुम्ही शाळेत कशाकशावर करता?"

आम्ही गप्प झालो. आमच्या शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. दर तीन महिन्यांनी माणूस येतो, वर्ग चालू असतो, दारात कागद पुढे करतो, आम्ही सही करतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ते कागद काढले. सलग तीन कागदांवर ‘फिल्टर बदलला नाही’ या रकान्यात खूण होती. तिन्हींखाली ‘काम समाधानकारक’ आणि आमची सही. ते पाणी चारशे मुलं पितात.

पुढच्या फेरीला आम्ही त्या माणसाला यंत्र उघडायला लावलं. आतला फिल्टर चहाच्या गाळणीसारखा काळपट झाला होता. तो म्हणाला, "फिल्टरचे पैसे करारात नाहीत, सर. मी दर वेळी लिहितो. कोणी वाचतच नाही." त्याची काहीच चूक नव्हती. तो लिहीत होता, आम्ही न वाचता सही करत होतो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे आम्ही हे आमच्या सह्यांसकट ठेवलं. फिल्टर बदलला, नवा करार आता फिल्टर धरून केला आहे.

मग रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं. त्यात तक्रार कमी, मागणी जास्त : पुढच्या निविदेत सुटे भाग धरा, कारागीर येण्याची मुदत घाला, बंद दिवसांचे पैसे कापा, आणि रजिस्टरवर लिफ्टमनचाही शेरा घ्या. निविदा आपल्याकडून निघत नाही, असं ते म्हणाले. पण विद्युत शाखेला पाठवायच्या मागणीपत्रात हे मुद्दे घेतो, असा शब्द त्यांनी दिला.

पाचव्या महिन्यात लिफ्ट सुरू झाली. अम्मींना तपासणीला नेलं, तेव्हा काकांनी स्वतः बटण दाबलं. वॉकर धरून उभ्या असलेल्या अम्मींनी विचारलं, "आज रजिस्टरवर काय लिहिलंत?"

काका हसले. "चालू आहे, असं लिहिलंय. आज खरंच चालू आहे, अम्मा."