डिपस्टिकवरची खूण आणि चंद्रपूरचा उन्हाळा

जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल, म्हणजे एटीएफ, नुसते वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेते, क्लच दाबून धरते आणि आतली उष्णताही बाहेर काढते. म्हणून त्याची पातळी अंदाजाने ठरवून चालत नाही.

तेल तापले की फुगते. सात लिटर तेल ५० अंशांनी तापले, तर सुमारे पाव लिटरने वाढते. डिपस्टिकच्या पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात त्या यासाठीच. थंडची खूण साधारण २० ते ३० अंशांसाठी असते, आणि चंद्रपूरकडे घोळ होतो तो इथेच. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. अशा दिवसांत उभ्या गाडीतले तेलही त्या अर्थाने थंड नसते. तेल कमी असूनही पट्टी पुरेसे दाखवते. उलट डिसेंबरात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पहाटे बघितले, तर योग्य पातळीही कमी भासते आणि उगाच भर घातली जाते. या भागात थंड खुणेवर विसंबूच नये. गरम तेलाचे माप तेवढे खरे.

त्यासाठी तेल ७०-८० अंशांपर्यंत यायला हवे. चंद्रपूरहून बल्लारपूरला जाण्याइतका फेरा पुरतो. मात्र भर उन्हात आलापल्लीपर्यंत गाडी दामटली असेल, तर अर्धा तास थांबावे. अति तापलेले तेलही फसवते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबवत फिरवावा, म्हणजे सगळ्या वाटा तेलाने भरतात. मग पार्क किंवा न्यूट्रल, गाडीच्या पुस्तिकेत असेल तसे. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघायचे असते.

पट्टी उपसण्याआधी नळीचे तोंड पुसावे. घुग्घुसकडे कोळशाची काळी धूळ, सुरजागडच्या वाटेवर खनिजाची तांबडी. तिचा कण आत गेला तर व्हॉल्व्ह अडकू शकतो. गॅरेजातले कॉटन वेस्ट इथे नको, त्याचे धागे सुटतात. धुतलेले जुने सुती कापड बरे. पहिल्यांदा उपसलेल्या पट्टीवर नळीतले तेल लागलेले असते, ते माप धरू नये. पुसून पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि दोन्ही बाजू बघाव्यात. दोहोंत जी बाजू कमी दाखवते ती खरी.

मग पारख. तेलाला मुळात लाल रंग दिलेला असतो, वापराने तो काळवंडतो. गॅरेजात रंगावर नको तेवढा भर देतात. वास अधिक बोलका. करपट वास आला तर क्लच जळू लागला आहे, आणि नुसती भर घालून तो सुधारत नाही. तेल दुधाळ गुलाबी दिसले, तर आत पाणी शिरले आहे. रेडिएटरमधला कूलर फुटला तर असे होते. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटा आणि आजूबाजूचे नाले रस्त्यावर येतात. तापलेला गिअरबॉक्स अशा पाण्यात बुडाला की एकदम निवतो आणि हवा ये-जा करण्याच्या ब्रीदरमधून पाणी ओढून घेतो. अशी गाडी चालवत गावापर्यंत आणण्याचा मोह टाळावा, ओढून आणावी.

भर घालायची ती पट्टीच्याच नळीतून, बारीक नरसाळ्याने, एका वेळी शंभर-दोनशे मिली, आणि दर वेळी पुन्हा मोजून. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच हवे. ‘लाल ते सगळे सारखे’ हा दुकानदाराचा हिशेब. जास्त झाले तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसातली हवा दबते, दाब पडतो आणि क्लच घसरतात. कमी तेलातही पंप हवाच ओढतो, त्यामुळे दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात.

इंजिन ऑइलसारखे हे तेल जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहे: कूलरचे पाइप, ॲक्सलचे सील किंवा तळाच्या पॅनचे गॅस्केट. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर दगड लागतो तो बहुधा पॅनलाच. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तर डाग नेमका कुठल्या भागाखाली पडतो ते सकाळी कळते.