पन्नास मैदानं

लेकीकडे स्वॉन्सीला गेले तेव्हा तिच्या शेजारच्या गृहस्थांचा एक उद्योग चालला होता. वर्षभरात वेल्समधली ५० गोल्फ मैदानं खेळायची आणि लोक देतील ते पैसे हॉस्पिसला, म्हणजे बायकोचे शेवटचे दिवस जिथं गेले त्या शुश्रूषागृहाला, द्यायचे. टेन्बी झालं होतं, हार्लेकच्या किल्ल्याखालचंही झालं होतं. खेळ म्हणाल तर बेताचाच, हे त्यांचंच म्हणणं.

पेनार्डला लेकीबरोबर मीही गेले, दुभाषी तीच. समुद्रावरचा उंच माळ, पडक्या किल्ल्याच्या भिंती आणि मैदानावर खुशाल चरणाऱ्या गायी! त्या बघून जरा घरच्यासारखं वाटलं.

न राहवून विचारलं, "एवढी पायपीट कशाला? नुसते पैसे दिले तर नाही का चालत?"

"चेक दिला की संपलं," ते म्हणाले. "इथं प्रत्येक मैदानावर कुणीतरी विचारतं, कशासाठी खेळताय? मग तिचं नाव सांगावं लागतं."

मी गप्प झाले. हे जाऊन तीन वर्षं झाली. बेळगावात आता कुणी विषय काढत नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

"तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं 'हे' म्हणण्यात गेली. आधी उखाणाच ओठांवर आला. पण लेक तरी तो इंग्रजीत कसा सांगणार? नुसतंच नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा चुकीचं उच्चारलं, तिसऱ्यांदा जमलं. तोवर पुढच्या होलच्या वाटेवर एक गाय येऊन उभी राहिली होती.