नियमातली माया

मनात श्रद्धा असेल तर नियम कशाला, आणि नसेल तर नियम पाळून काय मिळणार? वसईच्या कॅथलिक घरात वाढूनही बरीच वर्षं मी याच मताची होते. रविवारची मिस्सा चुकवायची नाही, तिथे कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी खायचं नाही, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, हा सगळा मला प्रेमाच्या जागी मांडलेला हिशेब वाटायचा. संत पौलाचा मोठा आधार होता. नियमशास्त्राच्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरत नाही, असं त्यानं गलतीकरांना बजावलं आहे. तेवढं मला पुरेसं होतं.

आईच्या आजारपणात हे मत डळमळलं. ती अंथरुणाला खिळली आणि माझी प्रार्थना आटली. आतून काही म्हणावंसंच वाटेना. केवळ मनावर विसंबून राहिले असते, तर त्या काळात देवाशी माझं काही नातं उरलं नसतं. ते टिकलं रोजच्या रोझरीच्या जपामुळे. ते शब्द माझे नव्हते, आधीच्या कितीतरी पिढ्यांनी ते म्हणून ठेवले होते, मी फक्त त्यांच्यात सामील होत होते. मनात नसताना म्हणणं म्हणजे ढोंग, असं मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. पण ढोंग करायला समोर कुणीतरी बघणारं लागतं. मी आईच्या उशाशी एकटीच म्हणत होते.

एकदा फादर तिला घरी कम्युनियन द्यायला आले. मी नुकतीच तिची उरलेली पेज खाल्ली होती, म्हणून स्वतःसाठी नको म्हटलं. आधी तासभर पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचं नाही, हा नियम पाठ होता. ते म्हणाले, हा नियम तुला लागू नाही. मी नंतर 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेतलं कलम 919 वाचलं. वृद्ध आणि आजारी यांना ही सवलत आहे, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. रोममध्ये कायदा लिहिताना कुणीतरी रुग्णाजवळ बसलेल्या, मिळेल तेव्हा चार घास खाणाऱ्या माणसाचा विचार केला होता! मी ज्याला कोरडा कायदा म्हणत आले, त्यात माझ्यासाठी जागा राखलेली होती.

आजीच्या तरुणपणी कम्युनियनआधीचा हा उपवास मध्यरात्रीपासून असे, पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 मध्ये पोप बाराव्या पायस यांनी पाण्याला मुभा दिली, 1957 मध्ये उपवास तीन तासांवर आणला. 1964 मध्ये सहाव्या पॉल यांनी तो एका तासावर आणला. पूर्वी मी म्हटलं असतं, बदलतो तो देवाचा नियम कसला? आता वाटतं, प्रभूला स्वीकारण्याआधी थोडं रिकामं राहावं, हा गाभा कुणी हलवला नाही. रात्रपाळीचा कामगार, आजारी माणूस यांना तो पेलावा, एवढंच पाहिलं गेलं.

मग पौलही मी नव्याने वाचला. तारणासाठी सुंता हवीच, असा आग्रह होता तिथे त्यानं आपला सहकारी तीत याची सुंता होऊ दिली नाही. त्याच पौलानं दुसरा सहकारी तीमथ्य याची सुंता केली, कारण त्याची आई यहुदी होती आणि यहुदी लोकांमध्ये त्याला वावरायचं होतं. पूर्वी मला पहिला पौल तेवढा दिसला होता.

सगळ्याच प्रश्नांवर माझं समाधान झालेलं नाही. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेली बाई चर्चच्या नियमामुळे कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहते, तेव्हा मला अजून गलबलतं. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या दस्तऐवजात अशा प्रत्येकाची परिस्थिती समजून घ्यायला, त्यांना सोबत करायला सांगितलं. ते काम पॅरिशपॅरिशमध्ये खरोखर व्हावं, असं मला कळकळीनं वाटतं.

बाकी नियम मी आता आवडीनं पाळते. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. पण आमच्याकडे मासे खाणं हा त्याग नव्हेच, ते तर रोजचं आवडीचं जेवण. म्हणून उपवासकाळात शुक्रवारी मी मासेही सोडते. नियम तेवढं मागत नाही, आणि घरात मी कुणाकडे तसा आग्रह धरत नाही. लेकीला त्या दिवशी बोंबील हवे असले तर मीच तळून देते.