अनवधानाचा धनी कोण?

परीक्षेत नियम दोन रीतींनी मोडला जातो. मोडायचा म्हणून, आणि मोडतो आहे हे न कळता. पहिल्या रीतीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. भरारी पथके, बैठी पथके, कॉपीमुक्त अभियान ही सारी व्यवस्था तिच्यासाठीच उभी आहे. दुसरी रीत त्या गलक्यात हरवते आणि तिची शिक्षा बहुधा बिनबोभाट भोगली जाते.

मराठीच्याच उत्तरपत्रिकेचे उदाहरण घेऊ. आपली ओळख पटेल असे तिच्यात काही लिहू नये, असा दंडक आहे. आणि त्याच उत्तरपत्रिकेत आम्ही मुलांना पत्र लिहावयास सांगतो. पत्र म्हटले की खाली नाव आले. वर्षभर 'मनापासून लिहा' असे ऐकलेला विद्यार्थी तेथे 'अ. ब. क.' न लिहिता स्वतःचे नाव लिहून मोकळा होतो. कोणी पानाच्या माथ्यावर 'श्री' काढतो. वही उघडताना हाताला लागलेले ते वळण असते. परीक्षकापुढे प्रश्न उभा राहतो : ही खूण की सवय?

कागद सापडण्याचेही तसेच. कंपासपेटीत राहून गेलेला चिटोरा आणि बाहीत दडवलेला चिटोरा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अहवालात मात्र 'विद्यार्थ्याजवळ कागद आढळला' एवढेच वाक्य उतरते. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास येथे विद्यार्थी कर्ता नाहीच, तो केवळ ठिकाण आहे. तरीही शिक्षा ठिकाणालाच होते.

परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे. २०२४ साली केंद्राने भरतीच्या व प्रवेशाच्या मोठ्या परीक्षांसाठी वेगळा कायदा केला. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे, परीक्षार्थीवर नाही. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो.

'चुकून राहिले' ही सबब मान्य केली तर प्रत्येक जण तीच पुढे करील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच हेतूचा शोध विद्यार्थ्याच्या शब्दांत न घेता परिस्थितीत घ्यावा. कागद त्याच विषयाचा होता काय? त्यावरून काही उतरवले गेले काय? तो त्याने आपण होऊन पुढे केला काय?

आणि आणखी एक. अनवधान म्हणजे अवधानाचा अभाव. पण परीक्षागृहात अवधान ठेवण्याचे काम एकट्या विद्यार्थ्याचे नसते. पत्राखाली नाव का लिहायचे नाही, हे शिक्षकाने वर्गात समजावून द्यावयाचे असते. खिसे आणि कंपासपेटी पुन्हा एकदा पाहा, ही सूचना घंटेपूर्वी पर्यवेक्षकाने द्यावयाची असते. सतरा वर्षांच्या मुलाचे वर्ष पणाला लागत असेल, तर अहवालात त्या सूचनेसाठीही एक रकाना असावा : ती दिली होती काय, केव्हा, आणि कोणी.