काळी तीनची रात्र

संगीतकार ओत्तोरिनो रेस्पिगीच्या ‘नोत्तुर्नो’ या निशागीताचं स्वरलेखन समोर आलं की आधी डोळ्यांत भरतात ती ओळीच्या तोंडाशी दाटीनं बसलेली सहा कोमल चिन्हं. पियानो शिकणाऱ्या पोराला ती पाहून धडकी भरते. पोलादपूरकडच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यानं मात्र बिचकायचं काही कारण नाही. त्याच्या बोलीत ही पट्टी म्हणजे सरळ काळी तीन.

काळी तीनला सा धरावा. शुद्ध सप्तकातले मध्यम आणि निषाद तेवढे पांढऱ्या पट्ट्यांवर जातात, बाकी सा, रे, ग, प, ध पाचही काळ्यांवर. त्या दोन पांढऱ्या वगळून नुसत्या काळ्यांवरून बोटं फिरवली, की भूप उभा राहतो. आणि भूप गायचा तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी! बोलोन्यातल्या या तरुण संगीतकाराच्या मनात भूप असणं शक्य नव्हतं. तरीही त्यानं रात्रीसाठी हीच पट्टी घ्यावी, हा योग फार सुरेख आहे.

रेस्पिगीचा जन्म 1879चा. ‘नोत्तुर्नो’ ही 1903 ते 1905 या काळात रचलेल्या सहा पियानो-रचनांपैकी एक. त्याचे गुरू ज्युझेप्पे मार्तुच्ची यांनीही एक निशागीत लिहिलं होतं, आधी 1891मध्ये पियानोसाठी आणि मग 1901मध्ये वाद्यवृंदासाठी. त्याचीही पट्टी काळी तीनच. घराण्याचा सूर म्हणावा तो असा.

रेस्पिगीच्या रचनेची चाल संथ, कुठेही घाई नाही, आणि पाचेक मिनिटांत सगळं आटोपतं. पियानोचं पेडल पायानं दाबून ठेवलं की बोट उचलल्यावरही स्वर मागे रेंगाळतो आणि पुढचा त्यात मिसळतो. पेटीचं उलटं. भाता चालू असेतो दाबलेला स्वर हलत नाही, पण बोट उठलं की तो संपला. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासूनच विरू लागतो, आणि या रचनेचा सारा जीव त्या विरण्यात आहे.

पुढे 1924मध्ये ‘रोमचे पाइन वृक्ष’ या रचनेत रेस्पिगीनं वाद्यवृंदाच्या मध्ये नाइटिंगेलच्या आवाजाची खरीखुरी ग्रामोफोन तबकडी वाजवायला लावली. ते धाडस मोठंच. पण रात्र उभी करायला या धाकट्या रचनेला पक्षी लागत नाही, म्हणून तीच अधिक जवळची वाटते.

‘नोत्तुर्नो’ ऐकायची ती एकट्यानं. पण रात्र एकट्यानंच ऐकायची असते, हे महाडला कुणी मान्य करणार नाही. महाशिवरात्रीनंतर ग्रामदैवत वीरेश्वराचा छबिना निघतो. गावोगावच्या देवांच्या पालख्या येतात, सासणकाठ्या उभ्या राहतात आणि खालूबाजा सुरू होतो. सनई, ढोल, टिमकी, झांज. स्वरलेखन नाही, समोर कागद नाही. काठी नाचवणाऱ्याचे पाय ढोलाच्या ठेक्यावर आणि नजर वर, शेंड्यावर. बांबू एका अंगाला कलला की तो त्याच अंगाला सरकतो, खांदा देतो, काठी सावरते आणि गर्दीतून आरोळी उठते. सनईवाला दम घ्यायला थांबला, तर टिमकी तेवढी जागा भरून काढते. लेकरं बापाच्या खांद्यावर बसून डोळे ताणून बघतात, आणि विन्हेऱ्याच्या झोलाईची पालखी येईपर्यंत कुणी घरी जायचं नाव काढत नाही.